मयुराच्या जागी

मयुरा चुरी कॉलेज सोडून मुंबईला गेली, हे डहाणूच्या बास्केटबॉल टीमला तिच्या स्टेटसवरून कळलं. कॉलेज उघडून आठवडा होत आला होता. मयुरा आज येईल, उद्या येईल म्हणून पोरी वाट बघत होत्या, आणि एका सकाळी जागृतीने ग्राउंडवर येता येताच फोन पुढे केला. मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजचं फाटक, फाटकासमोर मयुरा, खांद्यावर टाकलेली निळी जर्सी. खाली दोनच शब्द, नवी सुरुवात.

कोच जतीन सरांनी फोन हातात घेतला, बघितला आणि परत दिला. मग त्यांनी पोरींना ग्राउंडभोवती पळायला लावलं आणि थांबा म्हणायचं जणू विसरूनच गेले. प्रगती कोपऱ्यातल्या बदामाच्या झाडाखाली जाऊन ओकली, तेव्हा कुठे त्यांनी शिट्टी वाजवली.

संगीता डुमाडा मात्र पळतच होती. पळणं तिला कधीच जड गेलं नव्हतं. मयुराने बाकी कुणाला नाही तरी आपल्याला सांगायला हवं होतं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

संगीता तलासरीच्या पुढे, उधव्याच्या रस्त्यावरच्या एका पाड्यातली. बाप अच्छाडला एका ढाब्यावर तंदूर सांभाळायचा. आई, बुधी, घरची भाताची एवढीशी खाचरं बघून उरलेले दिवस दुसऱ्याच्या चिकूवाडीत जायची. मोठा भाऊ लडक्या उंबरगावच्या कंपनीत. आश्रमशाळेत संगीता कबड्डी खेळली, धावली, पण बास्केटबॉल तिने डहाणूला येईपर्यंत हातात घेतला नव्हता. कॉलेजच्या स्पर्धेत तिला अनवाणी धावताना जतीन सरांनी पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी वसतिगृहावर निरोप पाठवला.

पहिल्या दिवशी ती कोर्टाच्या कडेला अंग चोरून उभी होती. तिच्याकडे आली ती मयुरा. चिंचणीची, वाडीवाल्या घरची, बोलायला फटकळ. ती टीमची पॉइंट गार्ड होती. म्हणजे बॉल पुढे न्यायचा तिने आणि तो कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवायचंही तिनेच. ती संगीताला म्हणाली, "तुला काही येत नाही ना? बरं झालं. तू फक्त रिंगकडे पळ. बॉल मी तुझ्या हातात आणून देते."

आणि तिने दिला. दोन वर्षं दिला. संगीता डाव्या अंगाने सुटायची, दोन माणसांच्या मधून घुसायची, आणि वर बघावं तर बॉल आलेलाच असायचा. मयुरा तिच्याकडे न बघता पास द्यायची. लोक टाळ्या संगीताला वाजवायचे, पण तो बास्केट निम्मा मयुराचा असतो हे संगीताला ठाऊक होतं. एकदा सुट्टीत मयुरा तिच्या पाड्यावरही येऊन राहिली होती. बुधीच्या हातची नाचणीची भाकर खाऊन, चुलीच्या धुराने डोळे लाल करून म्हणाली होती, "काकू, ही पोरगी तुम्ही मला देऊन टाका."

अशी मयुरा एक शब्द न बोलता गेली. संगीताने तीनचारदा फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. मग तिनेही लावणं सोडलं.

त्याच आठवड्यात जतीन सरांनी संगीताला बाजूला घेतलं.

"आजपासून पॉइंटला तू."

"मी? सर, मला नाही जमणार. माझा डावा हात चालतच नाही."

"चालवायचा."

"जागृती खेळेल ना सर. तिला सगळ्या मूव्ह पाठ आहेत."

"जागृतीला धाप लागते. आणि मला विश्वासातलं माणूस पाहिजे." सर कोर्टकडे बघत बोलत होते. "मी त्या मुलीला सातवीपासून शिकवलं, संगीता. माझ्या बाइकवर मागे बसवून पालघरला ट्रायलला नेलं. आणि ती मला एक फोन करू शकली नाही."

त्यांचा आवाज फाटला. एवढा मोठा माणूस, आणि आपल्यासमोर असा बोलतो, याने संगीताचं मन भरून आलं. दोघांनाही एकाच माणसाने टाकलं होतं. ती म्हणाली, "खेळते सर."

संगीताच्या आधीच्या जागी, डाव्या अंगाला, सरांनी पहिल्या वर्षाची एक उंच मुलगी आणली.

मग सुरू झालं ते शिकणं. डावा हात म्हणजे जणू दुसऱ्याच कुणाचा उसना आणलेला. शनिवारी घरी गेली की संगीता आश्रमशाळेच्या सिमेंटच्या अंगणात जुना बॉल आपटत बसायची. उजवा हात ओढणीने कमरेला बांधून टाकायची आणि नुसत्या डाव्याने फेऱ्या मारायची. बुधी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन जाताना थांबून बघायची. "हात मोडला का गं?" तिने एकदा विचारलं. "नाही, दुसरा शिकवते," संगीता म्हणाली. बुधीला काही ते कळलं नाही, पण पोरगी हसत होती म्हणून तीही हसली.

दिवाळीपर्यंत हात चालायला लागला. पण पॉइंट गार्डला नुसता हात पुरत नाही. तिला ओरडावं लागतं. तू इकडे हो, तू वर ये, मागे बघ, सोड तिला. शांतपणे बोलताना संगीताचं मराठी कुणाही डहाणूकर पोरीसारखं होतं. पण दम लागलेला, समोरची अंगावर आलेली, अशा वेळी तोंडातून जे निघायचं ते घरच्या बोलीत निघायचं. पहिल्यांदा निघालं तेव्हा कोर्टवर खसखस पिकली. जागृती तिची नक्कल फार हुबेहूब करायची. चिकूच्या गाडीवर उभ्या राहिल्या तरी करायची, आणि पोरी पोट धरून हसायच्या. त्यात वाईट असं कुणाच्या मनात नसेलही. प्रगती तर हसून झाल्यावर संगीताच्या गळ्यात हात टाकायची. पण मॅचमध्ये संगीताने हाक मारली की एकमेकींकडे बघून ओठ दाबण्यात त्यांचा क्षण जायचा, आणि त्या क्षणात बॉल जायचा.

आणि जागृतीचं आणखी एक होतं. ती आणि मयुरा लहानपणापासूनच्या मैत्रिणी. संगीताने पास दिला की ती तो घ्यायची, पण कधी अर्धं पाऊल उशिरा, कधी तोंड फिरवून. "मयुरा असती तर तो छातीवर आला असता," एवढंच म्हणायची.

संगीताने धीर करून सरांना सांगितलं. "सर, मी ओरडले की त्या हसतात."

सरांनी जरा विचार केला. पोरींना बोलावून ते झापतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "मग तू ओरडूच नको. बोटं दाखव. एक म्हणजे ही मूव्ह, दोन म्हणजे ती. तोंड बंद. कटकटच नको."

उपाय चालला. हसणं थांबलं. डहाणूच्या टीमची पॉइंट गार्ड हात उंच करून, ओठ मिटून, बोटं दाखवत बॉल पुढे न्यायला लागली. बघणाऱ्यांना ते रुबाबदार वाटायचं. पालघरच्या मॅचनंतर एका पंचांनी सरांना विचारलंसुद्धा, "ही मुलगी मुकी आहे का हो?" सर मोठ्याने हसले आणि हा किस्सा त्यांनी परतीच्या गाडीत सगळ्यांना सांगितला. संगीता खिडकीबाहेर बघत राहिली.

तरी ती चांगली खेळत होती, हे खरंच. टीम जिंकायलाही लागली होती. आधीसारखे बास्केट आता तिच्या नावावर पडत नव्हते. ती घुसायची जागा आता त्या नव्या उंच मुलीची होती, आणि संगीता तिला बॉल नेऊन देत होती. कधी कधी पास सुटल्यावर तिचे पाय आपोआप रिंगकडे निघायचे आणि मग तिला आठवायचं, आपण मागे थांबायचं आहे.

जानेवारीत कॉलेजच्या ग्राउंडवर आमंत्रितांची स्पर्धा ठरली. पोरींना वाटलं, वापी, पालघर, वसईच्या टीम येतील. जतीन सरांनी मुंबईच्या त्या कॉलेजलाही बोलावलं होतं. मयुराच्या कॉलेजला. त्यांनी ते शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ड्रॉ लागला तेव्हाच सगळ्यांनी वाचलं. त्या दिवसापासून सरावात दुसरा विषयच राहिला नाही. मयुरा उजवीकडून येते, मयुरा मान खाली घालून फसवते, मयुराला तिसऱ्या क्वार्टरला पाणी लागतं. सर संगीताला म्हणायचे, "तिला तू अडवायचं. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल."

मुंबईची टीम आली ती एसी बसमधून. मयुरा उतरली. केस कापलेले, अंगाने बारीक झालेली. जागृती ओरडत जाऊन तिला बिलगली. प्रगती गेली. संगीता बेंचपाशी उभी होती. मयुराची नजर तिच्यावर आली, थांबली, आणि मयुरा खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती. संगीताने ते पाहिलं.

दोन्ही टीम आपापल्या मॅच जिंकत फायनलला आल्या. ग्राउंडच्या कडेने माणसं दाटली होती. वसतिगृहाच्या मुली भिंतीवर चढून बसल्या होत्या. लडक्या कंपनीतून सुट्टी काढून आला होता, आणि जिथे तिथे "ती माझी बहीण" म्हणून सांगत होता.

खेळ सुरू झाला आणि संगीताच्या लक्षात एक गोष्ट आली. मयुराच्या अंगातलं सगळं तिला पाठ होतं. दोन वर्षं जिच्या पासची वाट बघितली, ती केव्हा बॉल सोडणार हे तिला हातात यायच्या आधी कळत होतं. तिने एकदा बॉल काढून घेतला. परत घेतला. मयुराने दात ओठ खाल्ले आणि पुढच्या वेळी असा वेग घेतला की संगीता नुसती बघत राहिली. मग तीही पेटली. दोघी एकमेकींच्या अंगाला अंग लावून पळत होत्या, घाम एकमेकींना लागत होता, आणि कितीतरी महिन्यांनी संगीताला खेळताना मजा आली. एकदा बॉल बाहेर गेला तेव्हा मयुरा धापा टाकत पुटपुटली, "डावा हात कधी शिकलीस?" संगीता काही बोलणार तोच शिट्टी वाजली.

तिसरा क्वार्टर संपताना मुंबईकडे थोडीशी आघाडी होती. सरांनी टाइमआउट घेतला. बाकीच्यांना पाणी प्यायला पाठवलं आणि संगीताचा दंड धरून तिला जरा पलीकडे नेलं. जागृती पाण्याची बाटली घेऊन तिथेच मागे उभी होती, पण तिच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"तिचा डावा गुडघा," सर म्हणाले. "मागच्या वर्षी लचकला होता. आठवतो ना?"

"हो सर." त्या दिवशी मयुराला खांद्यावर घेऊन संगीताच चालली होती.

"ती अजून तो सांभाळूनच खेळते. बघ तू. तिथेच जा. नीट आत जा."

"म्हणजे काय सर?"

"म्हणजे काय ते तुला कळतंय. लहान नाहीस तू."

संगीताने मान हलवली नाही, हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. शिट्टी वाजली आणि ती कोर्टवर गेली. शेवटच्या क्वार्टरला ती मयुरापासून हातभर लांबूनच खेळत होती, आणि त्या अंतराचा फायदा घेऊन मयुराने लागोपाठ दोनदा बास्केट केला. भिंतीवरच्या मुली ओरडल्या, "संगीता, अडव तिला!" सर कडेला पाय आपटत होते.

पुढच्या वेळी मयुरा आली तेव्हा बॉल तिच्या हातून जरा लांब उसळला. संगीताच्या डोळ्यांना तेवढंच दिसलं, बॉल आणि मधली मोकळी जागा. ती झेपावली. बोटं बॉलला लागली. त्याच वेळी मयुरा बॉल परत घ्यायला डावीकडे वळली आणि संगीताच्या नडगीवर तिचा गुडघा आदळला. आवाज आला. मोठा नव्हता, पण दोघींनीही ऐकला. मयुरा पडली आणि ओरडलीच नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून ती संगीताकडे बघत राहिली.

पंचांनी फाउल दिला. मयुराला उचलून नेलं. संगीता तिच्यामागे जायला निघाली तर मुंबईच्या कोच मॅडमनी तिला हाताने बाजूला सारलं. "बस झालं तुझं," त्या म्हणाल्या.

मयुरा गेल्यावर त्यांचा खेळ विस्कटला. डहाणूने ती फायनल जिंकली. पोरींनी संगीताला उचललं. ज्या पोरी तिच्या हाकेला हसायच्या त्याच तिचं नाव घेऊन ओरडत होत्या. सर आले आणि त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. सहा महिन्यांत पहिली. "शाब्बास," ते म्हणाले. "मला माहीत होतं, तू करशील."

"सर, मी बॉलवर गेले होते."

"हो रे बाबा. मी कुठे काय म्हणतोय?" सर हसले, डोळा बारीक करून. ते हसणं बघून संगीताला वाटलं, आपल्या तोंडावर कुणीतरी काहीतरी घाण फासली आणि वर आरसा दाखवला.

मयुराच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं आणि ती चिंचणीला घरी आली. हे कळल्यावर संगीता एका रविवारी चिंचणीच्या एसटीत बसली. स्टँडवर उतरली तर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास अंगावर आला. विचारत विचारत ती वाडीतल्या घरी पोचली. मयुराच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं. बस म्हणाली नाही.

मयुरा मागच्या ओटीवर पाय लांब करून बसली होती. गुडघ्याला पट्टा. संगीता पायरीवर टेकली.

"दुखतं का?"

"मग काय, गुदगुल्या होतात?"

वाडीत कुणीतरी चिकू काढत होतं, फांद्या हलत होत्या.

"मयुरा, मी मुद्दाम नाही केलं. बॉल घ्यायला आले होते मी."

"जतीन सरांनी तुला सांगितलं होतं की नाही?" मयुराने सरळ विचारलं. "गुडघ्यावर जा म्हणून. खरं सांग. जागृतीने ऐकलंय."

नाही म्हणणं सोपं होतं. संगीता त्या एका शब्दापर्यंत आलीही होती. पण मयुराशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण मी ऐकलं नाही. म्हणून तर मी लांबून खेळत होते. तू बघितलंस ना?"

मयुराच्या तोंडावरचा रंग उतरला. तिला बहुतेक नाही हेच ऐकायचं होतं.

"सांगितलं होतं," मयुराने तिचेच शब्द पुन्हा म्हटले. "आणि नेमका तोच गुडघा. तुझ्या नडगीने. आणि मी समजू, आपोआप झालं."

"तू मला ओळखतेस ना?"

"ओळखायचे. मला वाटलं होतं आपण दोघी जाऊ. मी मॅडमना सांगितलं होतं, मी एकटी नाही येणार, आमची संगीता पण घ्या. त्या तयार होत्या. दोघींना हॉस्टेल देणार होत्या. आणि तू नको म्हणालीस. मला तोंडावर सांगायचं धाडससुद्धा नव्हतं तुझ्यात, सरांकडून निरोप पाठवलास."

संगीताला आधी काही समजलंच नाही. "कुठला निरोप?"

"तुला मुंबई नको, मयुराच्या मागे मागे फिरायचा कंटाळा आला. असं म्हणालीस ना तू सरांना?"

"मला कुणी विचारलंच नाही," संगीता म्हणाली. "मयुरा, मला कुणी काही विचारलंच नाही गं."

मयुरा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि संगीताला वाटलं आता ती हात पुढे करेल. पण मयुराने पट्ट्याच्या कडेला बोट घालून खाजवलं आणि तोंड फिरवलं.

"आता काहीही सांगशील तू," ती म्हणाली. "जा. आईला बघवत नाही तू इथे बसलेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव सुरू असताना संगीता कोर्टवर गेली ती थेट जतीन सरांसमोर.

"सर, मुंबईच्या कॉलेजने मलाही बोलावलं होतं?"

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. पोरी थांबल्या. सर नाकारतील असं तिला वाटत होतं, आणि ते नाकारते तर बरं झालं असतं.

"बोलावलं होतं. मग?"

"मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय झालं असतं? तुझ्या घरच्यांनी पाठवलं असतं तुला मुंबईला? आणि दोघी गेल्या असत्या तर इथे मी काय, पाच बदामाची झाडं उभी केली असती? टीम बांधायला मला बारा वर्षं गेलीत, संगीता. ती मयुरा थांबणारच नव्हती. तू तरी राहावीस म्हणून केलं. तुझ्यासाठीच केलं. तिथे कोण ओळखणार होतं तुला? इथे तुला मी पॉइंट गार्ड बनवलं."

"आणि तिला सांगितलंत, मी नको म्हणाले म्हणून."

"हे बघ, आवाज खाली. तुला कॅप्टन करायचं चाललंय माझं, आणि तू सगळ्यांसमोर..."

संगीता बोलायला लागली. काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलं नाही. सगळं घरच्या बोलीत निघालं, भांडताना आई बोलते तसं, आणि बराच वेळ निघत राहिलं. या वेळी कुणी हसलं नाही. सरांना त्यातलं निम्मंही कळलं नसेल, तरी त्यांचं तोंड पडलं. बोलून संपल्यावर तिने मागे वळून पाहिलं. नवी उंच मुलगी बॉल पोटाशी धरून उभी होती. जागृती जमिनीकडे बघत होती. प्रगती वाकून बुटाशी काहीतरी करत होती. कुणीतरी एक शब्द बोलेल म्हणून ती थांबली. मग तिने जर्सी काढून बेंचवर ठेवली आणि आतल्या टी-शर्टवर वसतिगृहाकडे चालू लागली. मागे थोड्याच वेळात शिट्टी वाजली आणि बॉल आपटायला लागला.

शेवटच्या वर्षाची परीक्षा तिने दिली, पासही झाली. बाप म्हणाला, "अजून शीक." पण कॉलेजच्या त्या रस्त्याने तिला जाववत नव्हतं. लडक्याने उंबरगावला शब्द टाकला आणि ती प्लॅस्टिकच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. बुधीला पोरगी घरी आल्याचं बरं वाटत होतं. पोरगी आता अंगणात बॉल आपटत नाही, हेही तिच्या लक्षात आलं होतं, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी, तलासरी नाक्यावर कंपनीच्या गाडीची वाट बघत असताना संगीताला प्रगती भेटली. एका लग्नाला आली होती. आधी जरा अवघडली, मग भडाभडा बोलायला लागली. मयुरा परत आली, म्हणाली. मुंबईच्या लोकांनी खेळता येत नाही म्हटल्यावर हॉस्टेल काढून घेतलं. आता डहाणूलाच एम. ए. ला आहे आणि सरांबरोबर मुलींना शिकवते. सरांनी स्वतः चिंचणीला जाऊन तिला आणलं. तिच्या घरच्यांची माफी मागितली.

"माफी कशाची?" संगीताने विचारलं.

प्रगती जरा चाचरली. "तुझ्याबद्दल. म्हणजे... सर म्हणाले, मीच त्या मुलीला जास्त चढवून ठेवलं होतं. ती असं काही करेल असं मला वाटलं नव्हतं."

"आणि मयुराने मानलं?"

"मयुराला पण कुठेतरी राहायचं आहे ना, संगीता."

संगीताने मान डोलावली. हायवेवर अच्छाडच्या बाजूने ट्रकची रांग सरकत होती. प्रगतीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "मला माहितीय तू केलं नाहीस. मी तेव्हाच म्हणणार होते."

"मग म्हणायचं होतंस," संगीता म्हणाली.

तिने हात सोडवून घेतला. कंपनीची गाडी आली होती. आत मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती, तिथे जाऊन ती बसली आणि डबा मांडीवर घेतला. प्रगती खाली उभी राहून अजून काहीतरी सांगत होती, पण काच बंद होती आणि इंजिन सुरू झालं होतं.